मुदत संपली: साताऱ्याची गादी, सांगलीची सनद आणि एक छोटा बॉट

ज्यांना कानाला हेडफोन लावण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी मजकूर. बोलताना येणारे 'अं' आणि 'म्हणजे बघा' जरा कमी केलेत, बाकी बरंचसं तसंच ठेवलंय.

आज एका शब्दापासून सुरुवात करू. लॅप्स. विम्याचा हप्ता चुकला की पॉलिसी लॅप्स होते. डेटा पॅकचे उरलेले जीबी रात्री बाराला लॅप्स होतात. आणि १८४८ साली सातारा लॅप्स झाला. हो, अख्खं राज्य. शाळेच्या पुस्तकात आपण 'डलहौसीने खालसा केले' एवढं एक वाक्य पाठ करतो आणि पुढे जातो. पण इंग्रजांनी जो शब्द वापरला तो 'लॅप्स', म्हणजे मुदत संपली, नूतनीकरण झालं नाही, हक्क गेला.

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. मूळचा साताऱ्याचा, बीटेक सांगलीत. माझ्या कामात हा शब्द जवळजवळ रोज येतो, फक्त तिथे राज्य नसतं, वेबसाइटचं सर्टिफिकेट असतं. तुम्ही ते पान नक्की पाहिलंय: फोनवर एखादी साइट उघडावी आणि लाल त्रिकोण यावा, 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही', खाली बारीक अक्षरात तारखेबद्दलचा इंग्रजी कोड. दहापैकी नऊ वेळा त्यामागे हॅकर वगैरे कुणी नसतो. सर्टिफिकेटची तारीख उलटून गेलेली असते, बस्स.

आता सर्टिफिकेट म्हणजे काय हे सांगायला मला पुस्तकातल्या आकृतीपेक्षा साताऱ्याचा दरबार जास्त सोपा वाटतो.

शाहू महाराजांना साताऱ्यात राज्याभिषेक झाला १७०८ च्या जानेवारीत. पुढे बाळाजी विश्वनाथांना त्यांनी पेशवेपद दिलं, आणि १७२० मध्ये ते वारल्यावर बाजीरावांना. बाजीरावांना वस्त्रं मिळाली ती कराडजवळच्या मसूरला, शाहू महाराजांच्या मुक्कामी. आता बाजीरावांच्या शिक्क्यावर काय होतं ते बघा. आधी राजा शाहूंचं नाव, त्यांच्या कृपेचा उल्लेख, आणि मग खाली बाजीराव बल्लाळ, प्रधान. म्हणजे पेशव्याचं पत्र माळव्यात कुणाच्या हातात पडलं, तर त्या माणसाला बाजीराव कोण हे माहीत असण्याची गरज नाही. त्याला साताऱ्याची गादी माहीत असली की पुरे. गादीने प्रधानाला मान्यता दिली, प्रधानाने सरदाराला सरंजाम दिला, सरदाराने गावच्या पाटलाला पत्र दिलं. साखळी.

तुमच्या फोनमध्ये हुबेहूब हीच व्यवस्था आहे. फोनच्या आत काही मोजक्या संस्थांची नावं आधीच पक्की बसवलेली असतात. त्यांना रूट म्हणतात, म्हणजे गादी. रूट स्वतः तुमच्या बँकेच्या साइटला सही देत नाही. ती मधल्या एका सर्टिफिकेटला देते, आणि ते मधलं पुढे साइटला. फोन खालून वर बघत जातो: ही सही कुणाची, त्याला कुणी नेमलं, आणि शेवटचं नाव माझ्या यादीत आहे का? आहे, तर कुलपाचं चिन्ह.

आणि मला यातली सगळ्यात मजेशीर वाटणारी गोष्ट: रूटची गुप्त किल्ली इंटरनेटला जोडलेली नसतेच. कडीकुलपात, पहाऱ्यात, क्वचित बाहेर काढायची. साताऱ्याच्या गादीचंही हेच झालं होतं. १७४९ ला शाहू महाराज गेले, रामराजे आले, आणि वर्षभरात ताराबाईंनी त्यांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैदेत टाकलं. पुढेही छत्रपतींच्या हाती प्रत्यक्ष कारभार फारसा नव्हता, सत्ता पुण्यात. तरीही नव्या पेशव्याला वस्त्रं साताऱ्याहूनच लागायची. पानिपतानंतर नानासाहेब गेले, तर माधवराव वस्त्रांसाठी साताऱ्याला गेले. सवाई माधवरावांचा जन्म १८ एप्रिल १७७४ चा, पुरंदरावरचा. साताऱ्याहून वस्त्रं येऊन त्यांना पेशवाई मिळाली २८ मे रोजी. मोजा: चाळीस दिवसांचं बाळ! ज्या बारभाईंच्या हातात फौज होती, खजिना होता, त्यांनाही त्या बाळासाठी एका पहाऱ्यातल्या गादीची मान्यता आणावी लागली. कारण समोरचा विश्वास ठेवतो तो फौजेवर नाही, साखळीवर.

अर्थात साखळीत एक धोका आहे. गादी ज्याच्या पहाऱ्यात, त्याला हवी तशी वस्त्रं मिळू शकतात. १७९६ या एकाच वर्षात पेशवाईची वस्त्रं आधी चिमाजीअप्पांना मिळाली आणि डिसेंबरात दुसऱ्या बाजीरावांना. दोन्ही वेळा सातारा तोच, पद्धतही तीच. तपासणाऱ्याने कागद तपासला तर दोन्ही खरे.

हे आपल्या काळात, आपल्याच देशात घडलंय. भारताची स्वतःची एक सरकारी गादी आहे. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांवर एक नियंत्रक नेमला गेला, आणि त्याच्या रूटखाली परवानाधारक संस्था आल्या. त्यातलीच एक एनआयसी, म्हणजे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र. २०१४ च्या जुलै महिन्यात गूगलच्या लक्षात आलं की एनआयसीच्या मधल्या सर्टिफिकेटखाली गूगलच्या नावाची सर्टिफिकेटं निघालीत, जी गूगलने मागितलीच नव्हती. याहूच्या नावाचंही होतं. हा रूट मायक्रोसॉफ्टच्या यादीत होता, त्यामुळे विंडोजवरच्या बऱ्याच प्रोग्रॅमना ती खरी वाटली असती. फायरफॉक्सच्या यादीत तो नव्हता, अँड्रॉइडच्याही नव्हता, म्हणून आपल्या फोनना झळ बसली नाही. नियंत्रकाने एनआयसीची मधली सर्टिफिकेटं रद्द केली, आणि क्रोमने पुढचं पाऊल टाकलं: या गादीची सही फक्त मोजक्या भारतीय नावांपुरतीच मानायची, जसं जीओव्ही डॉट इन, एनआयसी डॉट इन, रिझर्व्ह बँकेचं नाव, अशी काही. राज्य बुडालं नाही, पण हद्द आखून दिली.

जरा विषयांतर. तुमच्या घरी डिजिटल सातबारा असेल तर तो पीडीएफ संगणकावर उघडून बघा. सहीच्या जागी बऱ्याचदा प्रश्नचिन्ह दिसतं. माझ्या गावाकडच्या अर्ध्या लोकांना वाटतं, तलाठ्याने काहीतरी घोळ घातला. बहुतेक वेळा घोळ काहीच नसतो. सही त्या भारतीय गादीखालची असते आणि तुमच्या पीडीएफ रीडरच्या यादीत ती गादी नसते, एवढंच. रीडरमध्ये एकदा ती मान्य केली की हिरवी खूण येते. 'शिक्कामोर्तब' हा शब्द आपण रोज वापरतो ना, त्यातला शिक्का पत्राच्या वर आणि मोर्तब म्हणजे मजकूर संपल्यावर खाली उठवायची छोटी मुद्रा. इथे मजकूर संपला, याच्या पुढे कुणी काही घुसडलं तर ते आमचं नाही, हा त्याचा अर्थ. पीडीएफमधली सही तेच काम करते, जास्त कडकपणे.

तर, मुदत. जुन्या काळी मुदतीचं काय होतं? सनदांमध्ये शेवटी एक ठरलेलं कलम असायचं, मोडी कागद वाचणाऱ्यांना ते तोंडपाठ असतं. अर्थ असा की दरवर्षी नवीन पत्राचा आग्रह धरू नका, याची नक्कल करून ठेवा आणि अस्सल पत्र धारकाला परत द्या. हे कलम घालावं लागत होतं याचाच अर्थ उलट आहे! गावोगावचे अंमलदार दरसाल 'नवं पत्र आणा' म्हणून अडवत असणार. म्हणजे कायमची सनद विरुद्ध दरवर्षी नूतनीकरण हे भांडण जुनंच. धारकाला कायमचं हवं असतं. तपासणाऱ्याला ताजं हवं असतं. आणि माझं मत विचाराल तर तपासणाऱ्याचं म्हणणं अगदीच खोटं नाही. शिक्का चोरीला गेला, धारक मेला, गाव दुसऱ्याला दिलं, हे जुन्या कागदावर लिहून येत नाही.

आता १८४८ कडे येऊ. १८१८ ला पेशवाई बुडाली. एल्फिन्स्टनने साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांना गादीवर बसवलं, १८१९ ला करार झाला: राज्य महाराजांना, त्यांच्या वारसांना आणि उत्तराधिकाऱ्यांना. म्हणजे गादी राहिली, पण आता तिच्यावर आणखी एक गादी होती. १८३९ मध्ये कंपनीने प्रतापसिंहांना पदच्युत केलं. त्यांच्यावरच्या आरोपांत गोव्याच्या पोर्तुगीजांशी कारस्थान केल्याचा आरोप होता, आणि पुराव्याची कागदपत्रं बनावट असल्याचं महाराजांची बाजू शेवटपर्यंत सांगत राहिली. रंगो बापूजी गुप्ते त्यासाठी लंडनला गेले आणि चौदा-एक वर्षं तिथे झगडले. सही खरी की खोटी हे ठरवणारा आणि ज्याचा फायदा होणार तो, दोन्ही एकच असला की काय होतं, त्याची ही गोष्ट.

प्रतापसिंह महाराज १८४७ मध्ये काशीला वारले. गादीवर त्यांचे धाकटे बंधू शहाजी उर्फ आप्पासाहेब होते. ५ एप्रिल १८४८ ला तेही गेले. मुलगा नव्हता. मरण्याच्या थोडं आधी त्यांनी दत्तक घेतला. म्हणजे लक्षात घ्या, नूतनीकरण केलं होतं! शेवटच्या घटकेला केलं, पण शास्त्राप्रमाणे केलं. प्रश्न इतकाच उरला की तपासणारा ते मानतो का. मुंबईचा गव्हर्नर जॉर्ज क्लार्क मानावं म्हणत होता. साताऱ्याचा रेसिडेंट बार्टल फ्रियरही खालसा करण्याच्या विरोधात होता. डलहौसी म्हणाला, वरिष्ठ सत्तेची संमती नाही तर राज्यापुरता दत्तक नाही. करारातल्या 'वारस' या शब्दाचा अर्थ काय, यावर सगळं फिरलं. सातारा खालसा झाला, आणि मग त्याच वाटेने नागपूर, झाशी. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनने घरोघरीच्या सनदा तपासायला काढल्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या कागद पेटीत जपला होता, त्यांना कळलं की कागद असणं पुरत नाही, समोरच्याच्या यादीत तो बसायला लागतो.

सांगलीचं उलट झालं. तिथे चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी १८०१ मध्ये मिरजेतून वेगळं होऊन आपलं संस्थान उभं केलं होतं. ते १८५१ मध्ये गेले तेव्हा मुलगा होता, तात्यासाहेब, त्यामुळे प्रश्नच आला नाही. मग सत्तावन्न झालं. इंग्रजांना अक्कल आली म्हणा किंवा भीती वाटली म्हणा, पण १८६२ मध्ये कॅनिंगच्या काळात संस्थानिकांना दत्तकाच्या सनदा दिल्या गेल्या. औरस वारस नसेल तर दत्तक मान्य, हे आधीच लेखी. सांगलीलाही ती सनद मिळाली. १९०१ मध्ये तात्यासाहेब वारसाविना गेले, आणि १९०३ मध्ये दुसऱ्या चिंतामणरावांना गादी मिळाली. मधे दीड वर्ष गेलं, पण राज्य लॅप्स झालं नाही. ते टिकलं थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. साताऱ्यापेक्षा बरोबर शंभर वर्षं जास्त. आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर सांगलीकडे ऑटो-रिन्यूअल होतं.

आणि हे ऑटो-रिन्यूअल आता सगळ्यांना लागणार आहे. वेबच्या सर्टिफिकेटची मुदत सारखी कमी होत आलीय. पूर्वी पाच वर्षांची मिळायची. मग तीन, मग सव्वादोन. २०२० च्या सप्टेंबरपासून जास्तीत जास्त ३९८ दिवस. एप्रिल २०२५ मध्ये ब्राउझरवाले आणि सर्टिफिकेट देणारे यांच्या मंचाने पुढचा रस्ता ठरवला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १००, आणि २०२९ च्या मार्चपासून ४७. सवाई माधवरावांपेक्षा एक आठवडा मोठं. लेट्स एन्क्रिप्ट ही फुकट सर्टिफिकेट देणारी संस्था तर २०१५ पासूनच ९० दिवसांचं देते. ती आधी मुदत संपत आली की ईमेल पाठवायची. ४ जून २०२५ पासून तेही बंद केलं.

मोठ्यांनाही हे चुकलेलं नाही. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधलं एक सर्टिफिकेट संपलं आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचा मोबाइल डेटा दिवसभर गेला. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स काही तास बंद पडलं, कारण तेच. सगळ्यात महाग पडलं ते इक्विफॅक्सला. २०१७ च्या त्या चोरीत नेटवर्कवर नजर ठेवणाऱ्या यंत्राचंच सर्टिफिकेट कधीचं संपलेलं होतं. यंत्र आंधळं, चोर ७६ दिवस आत.

पण मला काळजी या मोठ्यांची नाही. सांगलीतल्या एका पतसंस्थेची साइट अशीच लॅप्स झाली होती. तिथल्या काउंटरवरच्या माणसाने ठेवीदारांना काय सांगितलं माहितीय? 'लाल पान आलं की घाबरू नका, खाली ॲडव्हान्स्ड दाबा, मग पुढे जा.' एका कागदावर लिहून चिकटवलंही होतं. आता विचार करा. साठीतले काका-मावशी, आयुष्यभराची ठेव तिथे, आणि त्यांना शिकवलं जातंय की धोक्याची खूण आली की ती ओलांडायची. साइट दोन दिवसांत नीट झाली असेल. ती सवय कशी काढणार? उद्या खरोखर बनावट पान आलं तर तोच अंगठा तेच बटण दाबेल.

म्हणून मी एक बॉट लिहिला. फार काही नाही, टेलिग्रामवर चालतो, मूळ तपासणी पायथनच्या वीस-पंचवीस ओळींची. तुम्ही त्याला साइटचं नाव पाठवायचं. तो रोज सकाळी एखाद्या पाहुण्यासारखा बाहेरून त्या साइटच्या दारात जातो, ४४३ क्रमांकाच्या पोर्टवर नमस्कार-चमत्कार करतो, समोरून आलेल्या सर्टिफिकेटवरची शेवटची तारीख वाचतो आणि वजाबाकी करतो. तीस दिवस उरले की एक मेसेज, मग चौदा, सात, आणि शेवटच्या दिवशी सारखा. सातारा आणि सांगलीतल्या ओळखीच्या शाळा, क्लासेस, दोन-तीन हळदीचे व्यापारी, अशा काही साइट त्यात आहेत.

तपासणी बाहेरून करायची, हे महत्त्वाचं. कारण एक हमखास घोळ असतो: ऑटो-रिन्यूअल नवीन फाइल आणून ठेवतं, पण वेब सर्व्हर रीलोड होत नाही. आत नवं सर्टिफिकेट, दारात जुनं. आतून बघणारा म्हणतो सगळं ठीक, आणि गिऱ्हाइकाला लाल पान. दत्तक झालाय, पण दरबारात नाव पुकारलेलं नाही, तसं. दुसरं, वेळ. सर्टिफिकेटवरची वेळ ग्रीनिचची असते. रात्री ११:५९ ला संपणारं सर्टिफिकेट आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला संपतं. बॉटने ते आपल्या वेळेत सांगायला हवं, नाहीतर माणसं दिवस चुकवतात. आणि तारखेसोबत साखळीही बघा. तारीख बरोबर, पण मधलं सर्टिफिकेट पाठवलंच नाही, तर नवे ब्राउझर कधीकधी सांभाळून घेतात आणि बरेच ॲप घेत नाहीत.

जुन्या फोनवाल्यांसाठी एक आठवण. ३० सप्टेंबर २०२१ ला लेट्स एन्क्रिप्ट ज्या जुन्या रूटच्या आधारावर उभं होतं, तो रूटच संपला. नवा रूट जुन्या फोनच्या, म्हणजे अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीच्या, यादीत नव्हता. मग एक युक्ती केली गेली: अँड्रॉइड आपल्या यादीतल्या रूटची शेवटची तारीख बघतच नाही, म्हणून जुन्या रूटची सही घेऊन आणखी तीन वर्षं निभावलं. साहेबाने १८४८ मध्ये इतकी मोकळीक दिली असती तर, असो.

बॉट लिहायला बसणाऱ्यांना एक शेवटची सूचना, कारण हे मेसेजमध्ये सारखं विचारलं जातं: बॉटच बंद पडला तर? माझा बॉट रोज सकाळी सातला एक ओळ पाठवतो, काही बिघडलेलं नसलं तरी. ती ओळ म्हणजे 'आलबेल'. हा शब्द आपल्याकडे आला तो इंग्रज पहारेकऱ्यांच्या हाळीवरून, रात्री ठरावीक वेळाने 'ऑल्स वेल' ओरडायचे ते. हाळी आली की झोपायचं. आली नाही की उठून बघायचं. ग्रुपमधल्या कुणाला सातची ओळ दिसली नाही तर आठपर्यंत मला फोन येतो.

कोड या भागाच्या वर्णनात टाकलाय. साइटचं नाव सोडून तो काहीही मागत नाही. कुठला बॉट तुमची गुप्त किल्ली किंवा सर्व्हरचा पासवर्ड मागत असेल, तर त्याला ब्लॉक करा. पुढच्या भागात मोडी वाचायला शिकणारी माझी एक मैत्रीण येणार आहे, घरच्या पेटीतल्या एका सनदेचा फोटो घेऊन.